मुद्दा चौथा

लायटर चौथ्यांदा खटकला, तरी गॅस पेटला नाही. एरवी ईराचं हे काम एका खटक्यात व्हायचं. पण एरवी तिला दोन हात असायचे. आज शेगडीची कळ फिरवायला डावा हात आणि लायटर दाबायलाही डावाच. कळ फिरवून लायटर उचलेपर्यंत गॅसचा वास ओटाभर पसरायचा, की ती घाईघाईने कळ बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. उजवा हात तिने हातरुमालात गुंडाळून युनिफॉर्मच्या खिशात कोंबला होता. रुमाल पांढरा होता, तिथेच चुकलं होतं.

बाहेरच्या खोलीत ज्युडिथ आंटी आरामखुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक घेऊन. ईराला त्या दिसत नव्हत्या, पण पानं उलटण्याचा आवाज थांबलाय, हे तिला बरोबर कळलं.

जिते गावात ज्यूंचं आता हे एवढंच घर उरलं होतं. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी दिवस मावळेपर्यंत आंटी विस्तवाला हात लावत नसत, दिव्याचं बटण दाबत नसत, फोन घेत नसत, दोन अक्षरं लिहीतसुद्धा नसत. आणि कुणाला ‘हे कर’ असं सांगतही नसत, कारण सांगून करून घेतलं तर ते आपणच केल्यासारखं. त्या नुसत्या बोलायच्या. ‘आज घसा कसा धरल्यासारखा झालाय’, असं स्वतःशीच म्हणायच्या. मग ईराला चहाची तल्लफ यायची, आणि तो कसा कोण जाणे, दर वेळी एक कप जास्त व्हायचा. ‘आत काय काळोख झालाय’ असं त्या म्हणाल्या, की ईराला नेमकं त्याच खोलीत पुस्तक वाचायचं असायचं. पाचवीपासून हे चालू होतं, आता ती नववीत होती, आणि हा दोघींचा ठरलेला खेळ आहे असं एकीनेही कधी कबूल केलं नव्हतं.

म्हणूनच आज सांगायचं नाही, हे ईराने विहिरीपाशीच ठरवून टाकलं होतं. सांगितलं तर आंटी फोन उचलणार, रिक्षा बोलावणार, जन्मभर पाळलेला शनिवार तिच्यापायी मोडणार. दिवस मावळायला सहा तास होते. सहा तास कळ काढायची, मग सांगायचं. कारण चांगलं होतं, कुणालाही सांगता येईल असं होतं. त्याच्याखाली दुसरं एक कारण होतं, ते तितकंसं चांगलं नव्हतं.

सोमवारी रोह्याला प्रथमोपचाराची स्पर्धा होती आणि शाळेतर्फे ईरा जाणार होती. तिने बँडेजच्या दोन गुंडाळ्या आणल्या होत्या. एकीवर लाल स्केचपेनने लिहिलं होतं ‘स्पर्धा’, दुसरीवर ‘सराव’. आईचे, बाबांचे, शेजारच्या शकूकाकीचे, सगळ्यांचे हातपाय बांधून झाले होते. राहिला होता सखा, आंटींचा तांबडा, एक कान पडलेला कुत्रा. त्याच्या मागच्या पायाला आठवड्यापूर्वी फोड आला होता. म्हणजे सरावही झाला आणि सेवाही. सखा तेव्हा विहिरीपाशी थाळीतला भात खात होता. जेवताना त्याच्या वाटेला जायचं नाही, हे आंटींनी पाचवीतच बजावून ठेवलं होतं. पण जेवताना तो एका जागी उभा राहतो, हे ईराने स्वतः शोधून काढलं होतं, आणि अलीकडे स्वतः शोधून काढलेल्या गोष्टींवर तिचा भलताच विश्वास बसला होता.

तीन वेढे छान बसले. चौथा नेमका फोडावरून गेला, आणि तो तिने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे घट्ट ओढला.

तो भुंकलासुद्धा नाही. वळला, चावला, आणि स्वतःच दचकून केळींमागे पळाला, पायातून बँडेजची शेपटी फरफटत नेत. ईराच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधल्या मांसात दोन भोकं पडली होती. एक बारीक, एक खोल. तिने नळाखाली हात धरला, पण अर्धंच मिनिट. जास्त वेळ नळ वाहिला असता तर आंटींनी विचारलं असतं.

पाचव्या खटक्याला गॅस पेटला. ईराने हुश्श केलं, आणि मागून आवाज आला.

“हात दाखव.”

आंटी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एवढ्या वर्षांत शनिवारी त्यांनी ईराला कधी काही करायला सांगितलं नव्हतं. ईराने डावा हात पुढे केला.

“तो नाय. दुसरा.”

आंटींनी रुमाल सोडला. चौतीस वर्षं मुंबईच्या इस्पितळात नर्स म्हणून काढलेल्या त्या बाईने जखमेकडे अशी नजर टाकली, जशी आपण घड्याळाकडे टाकतो. मग त्यांनी स्वतःच्या हाताने शेगडीची कळ फिरवली. ज्योत विझली.

“आंटी! आज शनिवार—”

“ठाऊक हाय मला वार कुठला ते. चल मोरीत.”

नळ पूर्ण सोडलेला, खाली ईराचा हात, आणि आंटींच्या मुठीत कपडे धुवायच्या साबणाची वडी. त्या जखमेवर फेस करायच्या, पाण्याने वाहून जाऊ द्यायच्या, पुन्हा फेस करायच्या. झोंबत होतं. ईराचे पाय आपोआप जागच्या जागी नाचायला लागले.

“झाली ना पंधरा मिनिटं?”

“तीन झालीत. उभी रहा सरळ. सोमवारी बोलायचंय ना तुला? म्हणून दाखव तुझा तो तक्ता.”

तक्ता ईराने स्वतः केला होता, हिरव्या आणि लाल स्केचपेनने, चारही कडांना वेलबुट्टी काढून. तो तिला झोपेतून उठवलं तरी पाठ म्हणता आला असता.

“कुत्रा चावल्यास करावयाचे प्रथमोपचार. मुद्दा पहिला, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे धुवावी. आई गं! मुद्दा दुसरा, जखमेवर चुना, तिखट, हळद, तेल किंवा माती लावू नये—”

“काय झाला गो? कुत्रा चावला व्हय?”

कुंपणावरून शकूकाकीने डोकं काढलं होतं, आणि डोक्यापाठोपाठ ती सबंध आत आली. कमरेची पिशवी सोडत, बोटाने चुन्याची डबी उघडत.

“थांब, चुना भरते. वरनं मिरची दाबली का इख सगला उतरतो. माझ्या भावाला—”

“शकू,” आंटी मान न वळवता म्हणाल्या, “डबी बंद कर.”

“अवो बाई, जुना औषद हाय आमचा.”

“मी बी जुनीच हाय. त्यापेक्षा नाक्यावर जा आणि पेणला जाणारी मिनिडोर थांबवून ठेव.”

शकूकाकीने डबीकडे पाहिलं, ईराच्या हाताकडे पाहिलं, आणि ‘पोरगी सोमवारची बक्षीस आनायची व्हती’ असं पुटपुटत नाक्याकडे निघाली.

“मुद्दा तिसरा?” आंटींनी विचारलं.

“जखम घट्ट बांधू नये. रुग्णास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.”

“चौथा?”

नळाचं पाणी वाजत राहिलं. चौथा मुद्दा पाठ्यपुस्तकात नव्हता. तो ईराने आपल्या मनाने घातला होता, लाल अक्षरात, खाली दोन रेघा मारून. चावा लपवू नये, व तो कसा झाला हे खरे सांगावे. शाळेतल्या बाईंनी भर वर्गात त्याचं कौतुक केलं होतं.

“आता नाही आठवत,” ईरा म्हणाली.

आंटींनी वडी पुन्हा पाण्यात बुडवली.

निघताना त्यांनी कपाटावरचा फोन उचलला, ईराच्या आईला लावला आणि ती शिकवायची त्या शाळेतून परस्पर पेणच्या दवाखान्यात यायला सांगितलं. ईरा डोळे फाडून बघत राहिली. शनिवारी तो फोन वाजून वाजून बंद पडताना तिने पाहिला होता. इस्रायलहून त्यांच्या लेकीचा, शीराताईचा आला तरीसुद्धा.

“तुमचा शनिवार माझ्यामुळे मोडला,” मिनिडोरमध्ये बसल्यावर ती म्हणाली. तिला रडू येत होतं, पण ते हाताचं की कशाचं, हे तिलाच कळेना.

“जिवाचा प्रश्न असला का शनिवार आपणहून बाजूला सरतो. तसं लिहून ठेवलंय आमच्यात. तुला आधी विचारता आलं नसतं व्हय?”

पेण जवळ आलं. रस्त्याच्या कडेच्या कारखान्यांमधून न रंगवलेले पांढरे गणपती ओळीने वाळत बसले होते. डोळ्यांची आखणी व्हायची होती, तरी ते सगळे आपल्याकडेच बघतायत असं ईराला वाटलं.

दवाखान्यात इंजेक्शनच्या खोलीत नूतन सिस्टर होती. आंटींना बघून ती खुर्चीवरून उठलीच.

“मॅडम, तुम्ही? शनिवारच्या?”

“पेशंट घेऊन आलेय. तू बस.”

नूतन सिस्टरने केसपेपर पुढे ओढला, नाव, वय, गाव विचारलं, आणि सवयीने पेन आंटींकडे केलं. “सोबत आलेल्याची सही.”

आंटींनी पेनाला हात लावला नाही. “हिची आई येतेय. ती करेल.” विस्तव त्यांनी विझवला होता, फोन केला होता, गाडीत बसल्या होत्या. सहीवाचून कुणाचा जीव अडत नव्हता.

“कुत्रा पाळीव की भटका?”

“पाळीव,” आंटी म्हणाल्या. “माझाच. यंदाचा डोस राहिलाय त्याचा.”

“चावला कसा गं? छेडला होतास? शेपटीबिपटीवर पाय? खाताना हात लावला होतास?”

किती सोपा प्रश्न होता. आणि नूतन सिस्टर कागदावर वाकलेली होती, तिला ईराच्या चेहऱ्याकडे बघायचीही गरज नव्हती.

“नाही,” ईरा म्हणाली. “मी नुसती जात होते. आपणहून आला.”

आंटी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होत्या.

इंजेक्शनला आपण घाबरत नाही, असं ईरा शाळेत सर्वांना सांगायची. दंडातली खरंच काही वाटली नाहीत. पण जखम हाताला आणि खोल, म्हणून डॉक्टरांनी जखमेतच भोवतीने सुईने रेबीजविरोधी सीरम भरलं, तेव्हा तिची किंकाळी बाहेरच्या रांगेपर्यंत गेली आणि तिथलं एक तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. टाके घातले नाहीत, घट्ट बांधलंही नाही, वर नुसती जाळीची पट्टी ठेवली. आज, मग मंगळवारी, मग पुढच्या शनिवारी, आणि शेवटचं अठ्ठाविसाव्या दिवशी. तारखा कार्डावर लिहून मिळाल्या.

“आणि कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा,” डॉक्टर म्हणाल्या. “खातोय, पितोय, ठीक आहे, एवढं बघायचं. दहा दिवस धडधाकट राहिला तर काळजी मिटली. इंजेक्शनं मात्र चुकवायची नाहीत.”

सूर्य बुडाला आणि आंटींच्या ओटीवरचा दिवा लागला, तसा ईराचा बाबा नीलकंठ त्यांच्याकडे गेला. तो धाटावच्या कंपनीतून शिफ्ट करून आला होता. अंगावर अजून कंपनीचा शर्ट होता. ईरा त्याच्या मागे पायरीवर उभी राहिली.

“ज्युडिथबाई, तुम्ही आज जे केलंत ते आम्ही विसरणार नाही,” तो म्हणाला. “पण एक बोलायला आलोय.”

“बोल ना.”

“तो कुत्रा नको आता इथं. आपणहून अंगावर येतोय म्हणजे उद्या कुणाच्याही येईल. गल्लीत लहान पोरं आहेत.”

“दहा दिवस तर ठेवावाच लागंल.”

“ठेवा की. दहा दिवस बांधून ठेवा. अकराव्या दिवशी, बुधवारी, मी टेम्पोत घालून धाटावला नेतो. आमच्या कँटीनमागे दहा-बारा पडलेले असतात, खाऊन-पिऊन मस्त. त्याला काही कमी पडायचं नाही.”

मागे विहिरीपाशी साखळी वाजली. आंटींनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“त्याच्या मागच्या पायाला फोड आलाय,” त्या सावकाश म्हणाल्या. “आठवडा झाला. हात लावून देत नाय तिथं.”

“बघा! दुखणाईत जनावर, त्यातून चावरं.” नीलकंठने मान हलवली. “बुधवारी नेतोच मी.”

त्याला ते वाक्य कळलं नाही. ईराला कळलं. आंटींचं असं बोलणं ऐकत ती पाचवीपासून वाढली होती. आत्ता सांगितलं तर आधी दवाखान्यात खोटं बोलली हे सांगावं लागेल, मग हेही की प्रथमोपचाराची चॅम्पियन जेवत्या कुत्र्याच्या फोडावर बँडेज आवळत होती. सोमवारी रोहा. सोमवारनंतर सांगू.

रात्री अंथरुणात पडल्यावर तिला एकदम आठवलं, बँडेज! ते सखाच्या पायातच राहिलं होतं. सकाळी तोंड धुण्याआधी ती कुंपणाशी धावली. सखा विहिरीच्या कठड्याला बांधलेला होता. पाय मोकळा. चावून चावून काढलं असेल त्याने, ईराने स्वतःची समजूत घातली. तिला पाहून त्याने शेपटी हलवली, काही झालंच नाही अशी.

सोमवारी रोह्याच्या सभागृहात तिने जाळीची पट्टी लावलेला हात उंच धरला आणि बोलायला सुरुवात केली. “मान्यवर परीक्षक, हा तक्ता मी माझ्या हातावर लिहून आणला आहे.” सगळं सभागृह हसलं, मग टाळ्या पडल्या. तिला माहीत होतं, पडणार. पंधरा मिनिटांचा नळ, चुन्याची डबी, सीरमची किंकाळी. किंकाळी तर तिने मारूनच दाखवली.

एक परीक्षक बाई पुढे झुकल्या. “चौथा मुद्दा फार आवडला. तुझाच आहे का? मग सांग बघू, तुला कसा चावला?”

माईक तोंडापाशी होता.

“आपणहून,” ईरा म्हणाली. माईकमधून ते फार मोठ्याने ऐकू आलं.

पहिला नंबर आला. परतीच्या गाडीत मैत्रिणींनी ढाल हातोहात फिरवली, आणि ती तिच्याकडे परत आली तेव्हा ईराने ती सीटखाली सरकवून ठेवली. उठून दारापाशी गेली, परत आली, पुन्हा उठली.

“बस की गं एका जागी,” मैत्रिणी म्हणाल्या, “सगळे डबे मोजणारेस का?”

तिला बसवेना. सोमवार संपला होता, आणि सांगणं आता आधीपेक्षा अवघड झालं होतं. ढालीसकट सांगावं लागणार होतं.

आंटींच्या घरात पाऊल टाकायला आईने मनाई केली होती. मग ती रोज सकाळी आणि शाळा सुटल्यावर कुंपणाशी जाऊन उभी राही आणि वहीच्या मागच्या पानावर लिही. दिवस तिसरा, भात खाल्ला. दिवस चौथा, पाणी प्यायला, शकूकाकीच्या कोंबडीवर भुंकला. दिवस पाचवा, ठणठणीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच सगळं चाललं होतं, आणि हेच वाईट होतं. सखा जगला की ईरा सुटली. आणि सखाचा एकेक धडधाकट दिवस त्याला बुधवारच्या टेम्पोकडे नेत होता. त्याने भाताची थाळी चाटूनपुसून लख्ख केली की तिला बरं वाटे आणि लगेच ती बुधवारपर्यंतचे दिवस मोजू लागे. ताप नाही, काही नाही, तरी तिचं जेवण निम्म्यावर आलं. मंगळवारी दुसरं इंजेक्शन झालं. आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हटलं, “सुईची धास्ती घेतलीय पोरीने.” एकदा ती ‘आई’ अशी हाक मारून उभी राहिली, आणि आईने वर पाहिल्यावर म्हणाली, “मीठ कुठंय?”

आंटी रोज दिसायच्या. सखाच्या पायाला काहीतरी लावत असायच्या, हळूहळू, तो खाऊन झाल्यावर. ईराकडे बघून हात हलवायच्या. तिला कधी एका शब्दाने त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर बरं झालं असतं असं ईराला दर वेळी वाटायचं.

शनिवारी शाळा सुटली तेव्हा बाबा मोटारसायकल घेऊन फाटकाशी थांबले होते. त्यांना रात्रपाळी होती. तिला पेणला इंजेक्शनला नेऊन आणायचं, मग झोपायचं, असं ठरलं होतं.

“आधी पाच मिनिटं आंटींकडे,” ईरा म्हणाली.

“काही गरज नाही.”

“बाबा, शनिवार आहे. गेल्या शनिवारीपण त्यांना चहा नाही मिळालेला.”

नीलकंठने तिच्याकडे पाहिलं. ‘त्या स्वतः करू शकतात’ असं म्हणता येण्यासारखा वार नव्हता. “पाच मिनिटं. मी बाहेर थांबतो. कुत्र्याकडे फिरकायचं नाही.”

दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली, देववचनांची छोटी डबी होती. आंटी येता-जाता तिला बोटं लावून ओठांना लावत. ईरानेही सवयीने बोट लावलं. पट्टीतला अंगठा जरा दुखला.

आंटी आरामखुर्चीत होत्या. पुस्तक मांडीवर.

“आलीस?” एवढंच म्हणाल्या, आणि मग खिडकीकडे बघून, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात, “सकाळपासून घसा कसा धरलाय.”

“मला पण चहा प्यावासा वाटतोय,” ईरा म्हणाली.

पातेलं जागेवर, लायटर खिळ्यावर. तिने चहापत्तीचा डबा खाली घेतला आणि झाकण उघडलं.

पत्तीवर बँडेजची एक गुंडाळी होती. धुतलेली, वाळवलेली, कडेला कड जुळवून अशी घट्ट गुंडाळलेली, की ईराला दोन महिन्यांच्या सरावाने तशी एकदाही जमली नव्हती. टोकाला सेफ्टी पिन. वर लाल अक्षरं धुऊन फिकट गुलाबी झाली होती, तरी वाचता येत होती. सराव.

ईरा ओट्याला टेकून उभी राहिली. शनिवारी आंटी धुणं करत नसत, डबे हलवत नसत. म्हणजे काल दिवस मावळायच्या आत हे इथे ठेवलं होतं. आणि सखाच्या पायातून सोडवलं होतं त्याच्याही आधी, ती दवाखान्यातून आली त्या संध्याकाळी, बाबा ओटीवर बसून बुधवारचं बोलत होते त्याच्या आधी किंवा नंतर. आणि केळी तर आरामखुर्चीजवळच्या खिडकीतूनच दिसतात. म्हणजे पंख्याकडे बघत होत्या तेव्हासुद्धा त्यांना—

“दारात माणूस उन्हात उभं राहिलं,” बाहेरून आवाज आला, “का बरं दिसत नाय.”

ईराने डोळे पुसले. उजव्या हाताने कळ फिरवली, डाव्याने लायटर दाबला. एका खटक्यात गॅस पेटला.

तिने तीन कप पाणी मोजून घातलं. चहा उकळेपर्यंत ती दोनदा दारापर्यंत गेली आणि परत आली. मग तीन कप ट्रेमध्ये मांडले, कपांच्या मध्ये ती गुंडाळी ठेवली, आणि ट्रे ओटीवर आणून टीपॉयवर ठेवला. थोडा चहा बशीत सांडला.

“बाबा,” तिने हाक मारली. “आत या.”

“अगं उशीर होतोय. तिकडे रांग असते.”

“होऊ दे. चहा केलाय.”

नीलकंठने गाडी स्टँडला लावली. पायऱ्या चढून आला, ज्युडिथबाईंना नमस्कार केला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला, लगेच उठायचं असल्यासारखा. कपाला हात घालताना त्याला ती गुंडाळी दिसली. त्याने ती उचलली, फिरवून पाहिली, आणि अक्षरं ओळखली. दोन महिने त्याचे दोन्ही गुडघे ह्याच अक्षरांनी बांधले जात होते.

“ही तुझीच ना? इथे कशी?”

विहिरीकडून साखळी सळसळली. सखाने आवाज ओळखला असावा. त्याची शेपटी कठड्यावर आपटत होती, थप, थप, थप.

आंटी पुस्तकात बघत होत्या. पान उलटत नव्हतं.

ईरा बाबांच्या समोर, खाली जमिनीवर बसली. चहा नको म्हणून कप मागे सारला, पुन्हा पुढे ओढला, पट्टीतला हात मांडीवर घेतला.

“तो जेवत होता, बाबा,” ती म्हणाली.

बाबांनी कप खाली ठेवला.